सात नंबरला काढा

आधी कंपनी समजून घ्या, नाहीतर पुढची सगळी गंमत डोक्यावरून जाईल.

लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी. नऊ मेकॅनिक, एक मालक, एक फोन आणि तो फोन उचलणाऱ्या मावशी. रस्त्याच्या पलीकडे, अगदी नाकासमोर, लिफ्ट दुरुस्त करणारी दुसरी कंपनी. ती मालकांच्या मेहुण्यांची, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाची. दोघांनी मिळून एकच कंपनी काढली होती. मग तीस वर्षांपूर्वी कशावरून तरी फाटलं आणि मेहुणे रस्ता ओलांडून गेले. फार लांब गेलेच नाहीत, कारण लांब गेल्यावर समोरच्याचं काय चाललंय ते दिसणार कसं? तेव्हापासून अख्ख्या शहराच्या लिफ्टा या दोन माणसांच्या हातात, जे दिवसभर आपापल्या खिडकीतून एकमेकांकडे डोळे वटारून बघत असतात. आणि दर रविवारी दुपारी हेच दोघं एका टेबलावर जेवायला, कारण बहिणीचा तसा हुकूम!

तर अशा ठिकाणी ही मुलगी कामाला लागली. गणितात मोठी पदवी, पहिला नंबर, सगळं. रुजू झाली त्याच सकाळी मावशींनी तिला गणितवाली म्हटलं आणि चहा येईपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडात बसलंसुद्धा. तिचे बाबा याच कंपनीत मेकॅनिक, सव्वीस वर्षं झाली. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनीच मालकांकडे शब्द टाकला होता, "साहेब, पोरगी हुशार आहे हो, नुसती घरी बसून कागद काळे करते, इथे करू दे." मालक म्हणाले, तीन महिने बघू. म्हणजे तीन महिन्यांत काहीतरी करून दाखवायचं, नाहीतर परत घरी, परत कागद.

मग तिने काय करायचं ठरवलं? मॉडेल!

म्हणजे असं बघा. दोन कंपन्या, एक शहर. लिफ्ट अडकली की लोक कुणाला बोलावणार? ज्याचा माणूस लवकर येतो त्याला. लवकर कोण येणार? ज्याची माणसं लवकर मोकळी होतात तो. यात रांग आली, वेळ आला, किती माणसं ठेवायची ते आलं. आपण दहा ठेवली तर समोरचा किती ठेवेल, त्याने अकरा ठेवली तर आपण काय करू, असं करत करत शेवटी दोघंही जिथे गप्प बसतात तो बिंदू काढायचा. सगळ्याला तिने अक्षरं दिली. मेहुण्यांना म. आणि पहिल्याच पानावर सुंदर अक्षरात लिहिलं : गृहीत धरू की म शहाणा आहे. म्हणजे हाती आलेल्या माहितीवरून सरळ विचार करतो आणि स्वतःच्या फायद्याचं तेवढंच करतो.

मेहुण्यांबद्दल असं वाक्य आजवर कुणी लिहिलं नव्हतं. त्यांच्या बहिणीनेसुद्धा नाही.

आता मॉडेलला खायला आकडे लागतात. ते मावशींच्या वहीत होते. किती वाजता फोन आला, कुठून आला, कोण गेलं, कॉल बंद कधी झाला, म्हणजे काम कधी उरकलं. पण गणितवाली पडली तत्त्वाची. म्हणाली, "मावशी, मला नावं नकोत. प्रत्येक मेकॅनिकला एक नंबर द्या, कुणाचा कुठला नंबर ते चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पाकिटात बंद करून तुमच्याकडेच ठेवा. उगाच माझा कुणाकडे कल नको जायला."

"अगं पण कोण कसा आहे ते मी सांगते ना तुला. दोन मिनिटांचं काम."

"नको, नको, मावशी! अजिबात सांगू नका! पूर्वग्रह होईल!"

"बरं बाई. तू म्हणशील तसं," मावशी म्हणाल्या आणि पाकिटाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. मावशी 'तू म्हणशील तसं' म्हणाल्या की समजूतदार माणसं चप्पल शोधायला लागतात. पण हिला पंधराच दिवस झाले होते.

आकडे निघाले. तीन नंबरचा मेकॅनिक म्हणजे नुसती वीज. दिवसाला नऊ कॉल बंद. बाकीचे चार, पाच, सहा. आणि सात नंबर? दोन. कधी कधी एक. काही दिवस तर असे की सकाळी एका इमारतीत शिरला तो संध्याकाळी त्याच इमारतीतून बाहेर आला.

त्या दिवशी घरी जेवताना तिला राहवेचना.

"बाबा, तुमच्याकडे एक माणूस आहे, अहो काय सांगू! दिवसाला दोन कॉल!"

बाबांचा घास हातातच राहिला. "दोन? मग उरलेला वेळ करतो काय तो?"

"तेच तर!"

"झोपत असेल कुठल्यातरी जिन्यात."

"नाहीतर कुणाच्या घरी गप्पा मारत बसत असेल," आईने भर घातली. "असतात असे."

"असल्यांमुळे कंपनीचं नाव जातं," बाबा चिडूनच बोलायला लागले. "आम्ही इकडे घाम गाळायचा आणि हे दोन कॉल करून घरी. कोण आहे गं?"

"नावं मी घेतलीच नाहीत. सात नंबर."

"काढून टाका म्हणावं सात नंबरला."

"मॉडेलपण तेच म्हणतंय!"

"हुशार आहे तुझं मॉडेल," बाबा म्हणाले आणि अजून भाजी मागितली.

आता तुम्ही म्हणाल, हिला जरासुद्धा शंका आली नाही? नाही आली. बाबांनी जन्मात कधी कॉल मोजले नव्हते, त्यामुळे त्यांनाही नाही आली. आणि तिने ज्या गोष्टी मोजल्या होत्या त्यांत बाबांना ओळखता येईल असं काही नव्हतंच. ती फार काळजी घेऊन मोजत होती ना.

सोमवारी सकाळी मालकांच्या केबिनमध्ये बैठक. मालक म्हणजे कसे, टेबलावर चार पेनं, चारही एका रेषेत, एखादं वाकडं झालं की बोलता बोलता सरळ करणार. समोर गणितवाली, बाजूला मावशी, मावशींच्या मांडीवर पाकीट. हिने फळ्यावर वक्र काढले, रांगा काढल्या, म काढला. सात नंबरला काढून त्याच्या जागी तीन नंबरसारखा एक आणला, तर लोकांना वाट बघावी लागते ती पन्नास मिनिटांवरून एकतीसवर.

"त्याने मेहुण्याचं काय होतं?" मालकांनी मुद्द्याचं विचारलं.

"समतोल बिंदूला त्यांचा बाजारातला वाटा अडतीस टक्क्यांवर येतो."

"गार होतो की नाही ते सांग."

"...गार होतात."

मालकांनी एक पेन उचललं आणि प्रेमाने परत ठेवलं. "माणूस जुना असेल तर? कुणाचा तरी नातेवाईक असेल तर? नंतर रडारड नको."

आणि आपली गणितवाली, अहो, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, आकड्यांना नातेवाईक नसतात."

मावशींनी चिकटपट्टी सोडवायला घेतली. सावकाश. एक बाजू, दुसरी बाजू. चिठ्ठी उघडली. "तीन नंबर, फटाफट."

फटाफट म्हणजे तोच, केसांना तेल लावून, गाडीवरून उतरायच्या आधीच "झालं!" म्हणणारा. मालक खूश. "बघ, मला वाटतच होतं! आणि सात?"

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षर स्वतःचंच होतं, तरी. "उस्ताद."

मालकांनी चिठ्ठी मावशींच्या हातातून घेऊन स्वतः वाचली.

"साहेब, थांबा," गणितवाली कशीबशी म्हणाली, "काहीतरी चुकतंय."

"फळ्यावर तर सगळं बरोबर दिसतंय."

"नाही, पण बाबा..."

"आत्ताच म्हणालीस ना, नातेवाईक नसतात?" मालकांनाही वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला, पण मेहुणा गार होतोय हे एकदा ऐकल्यावर माणूस किती वाईट वाटून घेणार? "पुढच्या सोमवारी पत्र देतो. तोवर तोंडातून शब्द नको, कुणाच्याच."

मावशी मान हलवून बाहेर गेल्या. अकरा वाजेपर्यंत नऊच्या नऊ मेकॅनिकांना कळलं होतं.

संध्याकाळी गणितवाली घरी आली तर बाबा हात धुऊन उभे. टेबलापाशी, पण बसलेले नाहीत.

"सात नंबरने बसायचं कुठे?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

"बाबा, प्लीज."

"नाही, विचारून घेतलेलं बरं."

आई मात्र साधेपणाच्या पलीकडे गेलेली. "बापाची नोकरी घालवणाऱ्या मुली मी ऐकल्यात. फळ्यावर चित्रं काढून घालवणारी पहिलीच. आणि अहो, तुम्ही! 'काढून टाका म्हणावं' म्हणे! दुसऱ्यांदा भाजी घेऊन म्हणे!"

"माझं मत बदललेलं नाही," बाबा म्हणाले. "दोन कॉल करतो म्हणजे झोपतच असणार माणूस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते जेवले, ताट धुतलं आणि हत्यारांची पिशवी उघडून एकेक पाना पुसत बसले, जसा पाहुणा जायच्या आधी बॅग भरतो तसे. सव्वीस वर्षं, एकच पिशवी. आणि पुढच्या सोमवारी पत्र.

"उद्या मी तुमच्याबरोबर येते," ती म्हणाली.

"कशाला? कुठल्या जिन्यात झोपतो ते बघायला?"

"हो."

दुसऱ्या दिवशी दोघं एका आठ मजली इमारतीत. तिथली लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकायची. पंधरा दिवसांत चार वेळा फटाफट येऊन गेला होता. वर मशीनच्या खोलीत जायचं, बंद करायचं, चालू करायचं, "झालं!" आणि गाडीला किक. बाबांनी काय केलं? आधी कुणाकडून तरी चहा मागवला. गणितवालीला वाटलं, अरे देवा, आई म्हणाली तेच खरं! पण बाबांनी तो काठोकाठ भरलेला ग्लास लिफ्टच्या फरशीवर ठेवला, स्वतः शेजारी उकिडवे बसले आणि वर-खाली, वर-खाली सुरू. चौथ्याच्या थोडं वर गेलं की चहा एका बाजूला सांडायचा. दर वेळी त्याच बाजूला, त्याच जागी.

"तिथे लिफ्टचा डबा ज्या रुळावरून जातो त्याचा सांधा सरकलाय," बाबा म्हणाले. "डबा दर वेळी आपटतो. त्या धक्क्याने दाराची कडी हलते आणि लिफ्टला वाटतं दार उघडं आहे. बिचारी थांबते. तिची काय चूक?"

मग डब्याच्या टपावर चढून, दिवा दातात धरून, बोल्ट सैल करणं, सांधा ठोकून जागेवर आणणं, घासणं, परत आवळणं, परत ग्लास, परत वर-खाली. तीन तास गेले. सातव्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता वर्षभर तुमचं तोंड दिसायला नको हं."

"नाही दिसणार," बाबा म्हणाले आणि दोघंही खुशीत. आणि गणितवालीने एकदम कपाळावर हात मारला.

कारण वर्षभर तोंड दिसणार नाही म्हणजे वर्षभर फोन नाही. फोन नाही म्हणजे वहीत ओळ नाही. ओळ नाही म्हणजे मॉडेलच्या हिशेबी बाबांनी ते अख्खं वर्ष काहीच केलं नाही! शून्य!

ती धावत ऑफिसात आली आणि मावशींची वही माणसांप्रमाणे नाही, इमारतींप्रमाणे लावून वाचायला लागली. फटाफटने हात लावलेली लिफ्ट साधारण सहा दिवसांनी परत बंद. बाबांनी हात लावलेली? चारशेच्या वर दिवस. फटाफटचे रोजचे नऊ कॉल कुठून येत होते? त्यातले पाच त्याचे स्वतःचेच, गेल्या आठवड्यातले. माणूस स्वतःच स्वतःला काम पुरवत होता आणि मॉडेल टाळ्या वाजवत होतं.

"आणि कुठेच जमलं नाही की मग मी उस्तादांना पाठवते," मावशी फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "सगळ्यात अवघड ते त्यांना. वेळ नाही लागणार?"

"मावशी! हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"पूर्वग्रह झाला असता ना गं," मावशी म्हणाल्या आणि परत फोनवर, "हां, बोला, कितव्या मजल्यावर?"

गुरुवारी ती मालकांसमोर उभी. मान खाली. नवा तक्ता समोर, त्यात बाबा सगळ्यात वर आणि फटाफट तळाला. म्हणाली, साहेब, माझंच चुकलं, मी भलतंच मोजलं, मला काढा पण बाबांना नको.

मालकांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. "थांब. म्हणजे हा तीन नंबर..."

"भिकार आहे."

"आणि हे कुणाकुणाला माहीत?"

"तुम्ही, मी, मावशी."

मालक उठले. दार लावलं. रस्त्याच्या बाजूचा पडदा ओढला. परत आले तेव्हा चेहरा असा उजळलेला, जसं कुणी दुसऱ्यांदा लग्न ठरवून दिलंय.

"तुझ्या मॉडेलात मेहुणा शहाणा आहे ना? मग तुझा जुना तक्ता त्याच्या हाती पडला, तर तो काय करेल?"

"पहिल्या नंबरचा माणूस पळवतील."

"फटाफटला!" मालकांनी टेबलावर थाप मारली, चारही पेनं वाकडी झाली आणि विश्वास बसणार नाही, पण त्यांनी ती सरळ केली नाहीत. "तो भिकारडा त्याच्या गळ्यात! सहा दिवसांनी लिफ्टा परत बंद, त्याचं नाव खराब, लोक आपल्याकडे! याच्यापुढे तुझी रांगबिंग काय चीज आहे?"

"साहेब, हे बरोबर नाही."

"तुझ्या बाबांचं पत्र मी लिहून ठेवलंय." त्यांनी खण उघडून दाखवलं. खरंच होतं, सहीसकट. "फाडू?"

काय करणार हो ती? तिने जुना तक्ता नव्याने छापून दिला, रंगीत, ठळक अक्षरांत, नावांसकट. मालकांनी पत्राचे चार तुकडे केले, तेही अगदी सारखे. रविवारी ते मेहुण्यांकडे जेवायला गेले आणि निघताना ती फाइल सोफ्यावर विसरले. नुसती विसरले नाहीत, तक्त्याचा कोपरा जरा बाहेर काढून विसरले.

सोमवारी ते सकाळपासून खिडकीत. फटाफट वेळेवर आला. मंगळवारी फटाफट वेळेवर आला. "मेहुणा विचार करतोय," मालक म्हणाले, "मोठा निर्णय आहे, वेळ लागणारच." बुधवारी केबिनचं दार वाजलं आणि आत आले बाबा, हातात कागद.

"साहेब, मी सोडतोय. समोर बोलावलंय."

मालकांचं तोंड उघडं. गणितवाली तिथेच होती, तिचंही. "तुम्हाला? तुम्हाला कसं काय?" मालकांनी विचारलं.

"मेहुण्यांचा फोन आला काल. म्हणाले, माझ्या बहिणीचा नवरा तीस वर्षांत माझ्या घरी रुमाल विसरला नाही. पाण्याची अर्धी बाटली उरली तर ती घेऊन जातो. तो अख्खी फाइल विसरेल? म्हणजे तक्ता खोटा. मग मी उलटा धरून वाचला. सगळ्यात खाली तुम्ही होता, उस्ताद, तर सगळ्यात चांगले तुम्हीच असणार. कधी येता?"

म्हणजे बघा, त्या माणसाने बाबांचं काम पाहिलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं, ग्लास नाही की काही नाही. नुसता मेहुणा ओळखला, बस!

मालक खणावर तुटून पडले, नवा तक्ता काढून बाबांच्या नाकासमोर धरला. "उस्ताद, अहो हे बघा, खरा हा! यात तुम्ही पहिले आहात!"

बाबांनी तो नीट वाचला. घडी करून टेबलावर ठेवला. "गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी मी शेवटचा होतो, आज पहिला. मधल्या दिवसांत मी काही वेगळं केलं का, साहेब?"

मालक पेनं सरळ करायला लागले. उत्तर गणितवालीकडे होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. बाबांनी पिशवी खांद्याला लावली आणि रस्ता ओलांडला. दोन्ही बाजूंना बघून, नेहमीसारखा.

तुम्हाला वाटेल आता मालक हिला हाकलतील. चार तास त्यांनाही तसंच वाटलं. मग त्यांनी तिला बोलावून कायम केलं! का? तर, "तुझा बाप आता त्यांचा हुकमी माणूस. तो काय करेल हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? नवीन मॉडेल मांड." वर गोल फिरणारी खुर्ची दिली. तीन महिने संपायच्या आधी कायम! आईने खुर्चीचं ऐकलं आणि म्हणाली, "छान. आता बापाला मागून बघता येईल."

तरी सगळं बरं चाललं होतं, खरं सांगायचं तर. बाबांची नोकरी राहिली होती, फक्त बाजू बदलली होती. घरी नियम झाला की जेवताना लिफ्ट हा शब्द काढायचा नाही. दोन आठवडे कुणी काढला नाही. मग एका संध्याकाळी बाबा पुसलेल्या पाटीसारख्या चेहऱ्याने आले आणि म्हणाले, "आज माझे पाच झाले."

"पाच काय?"

"कॉल." त्यांनी भाजीकडे बघितलं, घेतली नाही. "मेहुण्यांनी एक मास्तर ठेवलेत, शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे. रोज संध्याकाळी वही घेऊन बसतात. पहिल्या दिवशी विचारलं, किती? म्हटलं, दोन. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पुढच्या महिन्यात तक्ता लागणार आहे म्हणे भिंतीवर."

"पाच कसे झाले, बाबा? वर-खाली करून बघितलं होतं सगळं?"

"बंद केलं, चालू केलं," बाबा म्हणाले. "चालते की."

आईने टोमणा न मारता त्यांच्या ताटात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गणितवाली गोल खुर्चीतून उठली आणि रस्ता ओलांडून सरळ समोर गेली. मास्तर एकटेच होते, टेबलावर वही, वहीवर पट्टी. ती म्हणाली, मी समोरून आले, मी मॉडेल करते, आणि तुम्ही जे मोजताय ते मी मोजलं होतं, ते साफ चुकीचं आहे. कॉल किती बंद केले ते मोजू नका, एका लिफ्टच्या दोन बिघाडांमध्ये दिवस किती गेले ते मोजा. सगळं सांगितलं, फटाफटसकट.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वहीचं पहिलं पान उघडून तिच्याकडे फिरवलं. तिथे सुंदर अक्षरात लिहिलं होतं : गृहीत धरू की समोरचा लबाड आहे.

"तुम्ही समोरच्या कंपनीत आहात," मास्तर वर्गात समजावतात तसे म्हणाले. "मी कॉल मोजणं सोडावं असं तुम्ही सांगताय. म्हणजे मी सोडलं तर तुमच्या कंपनीचा फायदा. म्हणजे कॉल मोजणंच बरोबर. तुम्ही आलात ते बरं झालं, माझी थोडी शंका होती, ती फिटली."

"अहो, पण मी खरं सांगतेय!"

"लबाड माणूसही असंच म्हणेल. मग दोघांतला फरक मी कसा ओळखायचा? तुम्ही गणितातल्या आहात, तुम्हीच सांगा."

आणि कठीण म्हणजे मास्तरांचं बरोबर होतं! जे बोलायला काहीच लागत नाही ते दोघंही बोलू शकतात, खरा आणि खोटा. हे तिने स्वतः परीक्षेत पूर्ण गुण घेऊन लिहिलं होतं. खोट्याला परवडणार नाही असं काहीतरी खऱ्याने द्यावं लागतं, तरच पटतं. तिच्याकडे द्यायला होतं काय? एक नोकरी. गोल फिरणारी.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मालक. तिने खिडकीतून बघितलं तर ते समोरच्या खिडकीत उभेच, फोन कानाला, दुसरा हात हवेत.

तिने स्पीकर लावला आणि फोन मास्तरांच्या वहीवर ठेवला.

"तू तिथे काय करतेयस?" मालकांचा आवाज फुटला. "काय सांगितलंस त्यांना?"

"खरं ते सांगितलं, साहेब. बिघाडांमधले दिवस मोजायला."

"अगं, ती आपली गोष्ट होती! तेवढीच तर आपल्याला माहीत होती! महिन्याभरात ते उस्तादला स्वतःच काढणार होते, आपण परत घेणार होतो! ताबडतोब ये इकडे, आणि त्यांना सांग की गंमत केली."

"नाही सांगत, साहेब. आणि येत पण नाही. आजपासूनच नाही."

"अगं, कायम केलंय तुला!"

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच."

पलीकडून बरंच काही आलं, ते सगळं सांगण्यासारखं नाही. मग फोन बंद झाला. समोरच्या खिडकीचा पडदा खस्सकन ओढला गेला.

मास्तरांनी आधी त्या पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांनी पहिलं पान फाडलं नाही, मास्तरच ते, फक्त एक आडवी रेघ मारली. वहीचं कोरं पान उघडलं, पट्टीने समास आखला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"दोन बिघाडांमधले दिवस, म्हणालात ना?" ते म्हणाले. "बसा. पहिली इमारत कुठली घ्यायची?"